डाव एकच, पठ्ठे दोन

कोल्हापुरातल्या एका पेठेत तालीम आणि शाळा अगदी जवळजवळ आहेत. पहाटे जी पोरं तालमीच्या हौद्यात माती उकरतात, त्यांतलीच बरीचशी साडेदहाला शाळेच्या बाकावर दिसतात. तालमीत वस्ताद, शाळेत बाई. बाई मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांनी मानसशास्त्र घेऊन एम.ए. केलेलं आहे. सातवीतल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत वर्गमित्राचा गळा मागून हाताच्या कवेत आवळला. मित्राचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पालकसभेत कुणीतरी उठून म्हणालं, "तो तालमीत जातो ना, तिथंच शिकला असणार." दुसऱ्या दिवशी पोरांची मेहनत आटोपल्यावर बाई तालमीत आल्या. मूल बघून काय शिकतं, किती शिकतं आणि त्याचं माप कुणाच्या पदरात घालायचं, यावर दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देत आहे. हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही, घराघरातला आहे.

वस्ताद: बाई, आधी एक सांगतो. गळा आवळणं कुस्तीत बसतच नाही. माझ्या हौद्यात कुणी गळ्याला हात घातला तर जागच्या जागी जोड सोडवतो आणि त्याला बाहेर काढतो. त्या पोराला अजून धड खडाखडी करता येत नाही. हे त्यानं इथं बघितलेलं नाही.

बाई: मला माहीत आहे, वस्ताद. त्यानंच सांगितलं की मोबाइलवर बघितलं. पिंजऱ्यात दोघं झुंजतात, एक मागून गळा धरतो, दुसरा जमिनीवर हात आपटून हार मानतो आणि लोक टाळ्या पिटतात. कुणी शिकवलं नाही, कुणी सराव करून घेतला नाही. बघितलं आणि जमलं. म्हणूनच तुमच्याकडे आले. आम्ही फळ्यावर रोज सुविचार लिहितो, मूल्यशिक्षणाचे तास घेतो. पण मूल वागायला शिकतं ते बघून. आपण दाखवतो एक आणि सांगतो एक, तिथंच सगळं बिनसतं.

वस्ताद: इथंच माझं तुमचं जमत नाही. बघून येत असतं तर खासबाग मैदानातनं बाहेर पडणारा प्रत्येक माणूस पैलवान झाला असता. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान उभं केलं. तेव्हापासून किती पिढ्या तिथं बसून कुस्त्या बघत आल्या! असे शौकीन मला माहीत आहेत, की कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं ते तोंडपाठ सांगतील. त्यांना हौद्यात उतरवा, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतील. शिकणं घामानं होतं. बघणं ही करमणूक झाली.

बाई: कुस्ती नाही आली, मान्य. पण त्या शौकिनांना काहीच आलं नाही का? हलगीचा ठेका बदलला की उठून उभं राहायचं, चांगला डाव पडला की जिंकलेल्याच्या हातात नोट द्यायची, हरलेल्याच्याही पाठीवर थाप मारायची. हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं? बापाच्या खांद्यावर बसून बघितलं, एवढंच. अंगाचं कसब आणि माणसाचं वागणं या दोन गोष्टी आहेत. कसबाला घाम लागतो. वागणं मात्र नुसत्या बघण्यानं आत जातं, आणि गेलेलं आपल्याला कळतही नाही.

वस्ताद: हे तुमचं मत झालं. पुरावा काय?

बाई: पुरावा आहे. अल्बर्ट बँडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, मूळचे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात. २०२१ साली गेले. डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्याबरोबर त्यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते साधारण सहा वर्षांची ७२ मुलं घेतली. त्यांतल्या २४ मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुलीला बदडलं. ती बाहुली ढकलली तरी परत उभी राहते, तशी होती. तिच्यावर बसून नाकावर ठोसे मारले, लाकडी हातोडीनं डोक्यात हाणलं, वर भिरकावली, आणि हे करताना ठरावीक शब्द ओरडले. दुसऱ्या २४ मुलांसमोर मोठा माणूस बाहुलीकडे न बघता शांतपणे खेळणी जुळवत बसला. उरलेल्या २४ मुलांना काहीच दाखवलं नाही. मग प्रत्येक मुलाला आधी छान खेळणी दिली आणि लगेच काढून घेतली, म्हणजे मूल थोडं चिडावं. त्यानंतर वीस मिनिटं त्याला एका खोलीत सोडलं. तिथे इतर खेळण्यांबरोबर ती बाहुलीही होती. ज्यांनी मारहाण बघितली होती त्या मुलांनी तशीच मारहाण केली. तीच हातोडी, तेच नाक, तेच शब्द.

वस्ताद: बाहुली मारायलाच केलेली होती की. पोरांच्या पुढं ढोल ठेवला तर ती वाजवणारच. त्यात कसलं शिकणं?

बाई: हा आक्षेप अनेक अभ्यासकांनीही घेतला आहे. बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे, हे बरोबर. पण प्रयोगाचं मर्म वेगळ्या जागी आहे. बाहुली तिन्ही गटांना तीच होती. मारायलाच केलेली म्हणावी तर सगळ्यांनी सारखंच मारायला हवं होतं. ज्यांनी शांत माणूस बघितला किंवा काहीच बघितलं नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते खास प्रकार, म्हणजे वर बसून नाकावर मारणं, हातोडी हाणणं, ते शब्द ओरडणं, केलेच नाहीत. मूल रागावलं की हात उगारतं, ते त्याला शिकवावं लागत नाही. पण हात कसा उगारायचा, कशानं मारायचं आणि मारताना काय बोलायचं, हे त्यानं बघून घेतलं. दोन वर्षांनी, १९६३ साली, त्यांनी तेच दृश्य फिल्मवर दाखवलं. फिल्म बघितलेल्या मुलांनीही तशीच नक्कल केली. समोर जिवंत माणूस असायलाच हवा असं नाही. म्हणून आमच्या त्या मुलाच्या हातातला मोबाइल मला किरकोळ वाटत नाही.

वस्ताद: बरं. पण नुसतं बघण्यावर सोडलं की काय होतं ते मी रोज बघतो. एकेरी पट काढायचा म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून उचलायचा आणि त्याला पाडायचं. नवीन पोराची नजर कुठं जाते? हातावर. त्याला वाटतं, हातानं पाय धरला, उचलला, झालं. मग ते कंबरेत वाकतं, हात लांब करतं आणि समोरचा त्याच्या मानेवर सगळं वजन टाकतो. तोंड मातीत. खरा डाव हात लागायच्या आधीच झालेला असतो. पुढचा पाय त्याच्या दोन पायांमध्ये पडला पाहिजे, तोही गुडघ्यात बसून. पाठ सरळ, डोकं वर आणि त्याच्या बरगडीला चिकटलेलं. एवढं झालं की हात आपोआप पायावर जातो. डोळ्यांना हात दिसतो, डाव पायात असतो. शंभर वेळा बघितलं तरी ते पोराला दिसत नाही. मी सांगतो, आज फक्त पुढच्या पायाकडं बघ. तो आला की म्हणतो, आता फक्त डोक्याकडं बघ. सांगणारा नसेल तर बघणं आंधळं.

बाई: तुम्ही बँडुरांचीच पहिली पायरी सांगितलीत. १९७७च्या पुस्तकात ते म्हणतात की बघून शिकायला चार गोष्टी लागतात. लक्ष नेमक्या जागी गेलं पाहिजे. बघितलेलं मनात टिकलं पाहिजे. अंगाला ते करता आलं पाहिजे, तिथे तुमचा घाम येतो. आणि करावंसं वाटलं पाहिजे. गाण्यातही हेच आहे. किशोरीताई आमोणकर सांगायच्या की आई, म्हणजे मोगूबाई कुर्डीकर, शिकवताना स्थायी-अंतरा दोनदाच म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत सगळं टिपायचं. तिसऱ्यांदा मिळणार नाही हे माहीत असलं की कान कसा लागतो!

वस्ताद: पण मोगूबाई समोर बसलेल्या होत्या. चुकलं तर सांगायला. मोबाइलवरचा तो गळा धरणारा माणूस पोराला सांगतो का, की इतका वेळ धरलास तर जीव जाईल? तुमच्या शाळेतलं पोरगं तिथंच फसलं. धरणं दिसलं, सोडायचं कधी ते दिसलं नाही.

बाई: हे अगदी खरं. कृती दिसते, तिची मर्यादा दिसत नाही. ती मर्यादा शिकवायला माणूसच लागतो.

वस्ताद: आणि दुसरं. नक्कल माणसाला मोठं करत नाही. दुसऱ्याचा डाव जसाच्या तसा उचलणारा पैलवान एका मैदानात जिंकतो. पुढच्या मैदानाला समोरचा त्याची तोड घेऊन आलेला असतो. आमच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बघा. वाढले मातीत. १९४८ला लंडनला गेले तर खाली मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. सहावा नंबर आला. मातीतलीच नक्कल करत राहिले असते तर तिथंच राहिले असते. १९५२ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बघून मिळालं नाही, विचार करून आणि अंग नव्यानं वळवून मिळालं.

बाई: खाशाबांच्या घरी वडील पैलवान होते. लहानपणापासून डोळ्यांसमोर कुस्ती होती. पाया तिथला आहे, वरचं बांधकाम त्यांचं. कुमार गंधर्वांचंही तसंच. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्म. लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं गायचे, लोक थक्क व्हायचे. पुढे मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे तालीम घेतली. मग क्षयानं अंथरुणाला खिळले, देवासला राहिले, माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. त्या आजारातून उठून ते गायला लागले तेव्हा ते गाणं आधीच्या कुणासारखंच नव्हतं. ज्या कानानं लहानपणी नक्कल केली, त्याच कानानं पुढे माळवा ऐकला. नक्कल संपली नाही पाहिजे असं मी म्हणत नाही. पण ती सुरूच झाली नाही तर पुढचं काही घडत नाही.

वस्ताद: सुरुवात म्हणून मान्य. पण तुम्ही पोराला निव्वळ आरसा समजता, ते मला पटत नाही. पोराला डोकं असतं.

बाई: मी आरसा समजत नाही, आणि शास्त्रही समजत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २००२ साली चौदा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक बाई टेबलावरचा दिवा हातानं न दाबता कपाळ टेकवून लावते. एका गटाला दिसलं की तिचे हात मोकळे आहेत, तरी ती कपाळानं लावते. त्या गटातल्या दोनतृतीयांशांहून जास्त बाळांनी पुढे तसंच कपाळ टेकवलं. दुसऱ्या गटाला दिसलं की तिनं थंडीमुळे पांघरूण ओढून धरलंय, हात गुंतलेत. त्या गटातल्या बहुतेक बाळांनी सरळ हातानं दिवा लावला. अजून नीट बोलताही न येणारं बाळ ओळखतं, की हिला नाइलाज होता, मला नाही.

वस्ताद: मग बघा! मी तेच म्हणतोय.

बाई: थांबा, दुसरी बाजूही ऐका. २००५ साली हॉर्नर आणि व्हायटन यांनी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एक पेटी दिली. आत बक्षीस. दाखवणाऱ्यानं आधी काठीनं पेटीवर निरर्थक ठोकलं, मग दार उघडून बक्षीस काढलं. पेटी पारदर्शक होती तेव्हा ठोकण्याचा काही उपयोग नाही हे स्पष्ट दिसत होतं. चिंपांझींनी ते ठोकणं गाळलं आणि सरळ बक्षीस काढलं. मुलांनी मात्र ठोकलं आणि मगच काढलं.

वस्ताद: म्हणजे तिथं माकड शहाणं ठरलं.

बाई: वरवर बघता. पण मुलाचा हिशेब वेगळा असतो. मोठा माणूस नाइलाजानं काही करत असेल तर मूल ते सोडून देतं. मुद्दाम करत असेल तर त्याला वाटतं, यात काहीतरी असणार, मला अजून कळत नाही इतकंच. हा विश्वास आहे म्हणून आपल्या रीती, भाषा, कारागिरी एका पिढीकडून दुसरीकडे जातात. तुमची पोरं हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतात. का, ते नवीन पोराला ठाऊक असतं?

वस्ताद: नसतं. मलाही पहिल्या दिवशी नव्हतं. पुढच्यानं लावली, मी लावली. पुढं काही वर्षांनी कळलं, की मातीला नमस्कार केला की डोक्यातला ताठा उतरतो.

बाई: तेच सांगते. पण जे दार चांगल्यासाठी उघडं असतं, त्याच दारानं वाईटही आत येतं. तुम्हाला राग येईल, पण मघाशी मी दारात उभी होते तेव्हाचं सांगते. दोन लहान पोरं कट्ट्यावर बसली होती. एकानं डाव्या तळव्यावर लाल माती घेतली, उजव्या अंगठ्यानं ती मळली, वर दोन टिचक्या मारल्या, चिमूट ओठाखाली धरल्यासारखं केलं आणि लांब थुंकायचं नाटक केलं. दुसरा हसला नाही. त्यानंही तसंच केलं, तितक्याच गंभीरपणे. वस्ताद, ते हुबेहूब तुमचं तंबाखू मळणं होतं.

वस्ताद: मी रोज सांगतो पोरांना. तंबाखू, गुटखा, दारू या उंबऱ्याच्या आत चालणार नाही. रोज.

बाई: सांगता, आणि मनापासून सांगता. पण १९७० साली ब्रायन आणि वॉलबेक या अमेरिकी संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. मुलांना खेळात जिंकलेलं थोडं दान करायची संधी होती. त्यांच्यासमोर मोठी माणसं कधी उदारपणाचं प्रवचन देत, कधी हावरटपणाचं. आणि स्वतः कधी देत, कधी देत नसत. प्रवचनानं मुलांच्या देण्यात फरक पडला नाही. मोठ्या माणसानं दिलं का, याचा फरक पडला. आई दोन थपडा लावून म्हणते, भावाला मारायचं नाही. बाप मुलाला गाडीवर पुढे बसवून लाल दिवा ओलांडतो आणि रात्री नागरिकशास्त्राचा धडा घेतो. त्यातलं कुठलं मुलाच्या अंगी लागणार?

वस्ताद: तंबाखूचं बोललात ते बरोबर आहे. त्यावर मी वाद घालणार नाही, त्याचा निकाल मलाच लावायला हवा. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो, बाई. तुमच्या वर्गात चाळीस पोरं. तो व्हिडिओ त्यातल्या निम्म्यांनी तरी बघितला असेल. गळा एकानंच धरला. बघणं हेच कारण असेल तर बाकीच्यांनी का नाही धरला? आणि आपण ‘बघितलं म्हणून केलं’ असं म्हणायला लागलो, तर उद्या प्रत्येक गुंड हेच म्हणेल. बघितलं सगळ्यांनी, केलं ह्यानं. करणाऱ्याची जबाबदारी त्याच्याकडंच राहिली पाहिजे.

बाई: याचं उत्तरही बँडुरांनीच शोधलं, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोलाचा प्रयोग तोच आहे. १९६५ साली प्रसिद्ध झालेला. मारहाणीची एकच फिल्म, शेवट तीन. एका शेवटात मारणाऱ्याला दुसरा मोठा माणूस येऊन शाबासकी देतो, पक्का चॅम्पियन म्हणून गौरवतो, खाऊ देतो. दुसऱ्यात त्याला दटावतो, शिक्षा करतो. तिसऱ्यात काहीच होत नाही. ज्या मुलांनी शिक्षेचा शेवट बघितला त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी नक्कल केली. इथवर कुणालाही पटेल. पुढे त्यांनी मुलांना सांगितलं, तो माणूस जे जे करत होता ते करून दाखव, प्रत्येक गोष्टीला बक्षीस. तेव्हा तिन्ही गट सारखेच निघाले. शिक्षा बघितलेल्या मुलांनाही सगळं येत होतं. त्यांनी ते आत ठेवलं होतं, बाहेर काढलं नव्हतं.

वस्ताद: म्हणजे शिकली सगळी. केलं मात्र ज्याला त्यात फायदा दिसला त्यानं.

बाई: तेच. शिकणं वेगळं, करणं वेगळं. व्हिडिओ बघितलेल्या सगळ्यांना गळा धरता येतो. एकानं धरला, कारण त्याला वाटलं की याला टाळ्या मिळतील. आणि त्या दिवशी मिळाल्याही. पाच-सहा जणांनी गोल केला, ओरडले. एकानं लपवून आणलेल्या मोबाइलवर ते टिपलं.

वस्ताद: आता मी एक सांगतो, ते तुमच्या प्रयोगाला जोडा. माझ्याकडं दोन पोरं एकाच सुमारास आली. एकाच जोडीनं लढली, एकाच ताटात खुराक खाल्ला, डाव शिकली तेच. घिस्सा, ढाक, कलाजंग, सगळं दोघांनाही येत होतं. एक आज पोलिसात आहे, सुट्टीला आला की पोरांना लढत देतो. दुसऱ्याला एका पुढाऱ्यानं हेरला. मागं उभा राहायला अंगापिंडानं चांगला माणूस पाहिजे होता. पहिल्यांदा भाजीवाल्याला दम दिला, त्या रात्री त्याला जेवण मिळालं. दुसऱ्यांदा कुणाचं तरी दुकान रिकामं करून दिलं, गाडी मिळाली. पुढं गुन्हे लागले, तडीपार झाला. परत आला त्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात गल्लीतली शाळकरी पोरंसुद्धा. मी आजवर डावालाच दोष देत होतो, की मी ह्याला का शिकवलं. आज तुमच्या फिल्मचे शेवट ऐकून कळतंय. डाव दोघांना एकच होता. शाबासकी वेगळ्या ठिकाणाहून आली.

बाई: आणि तो फ्लेक्स बघणारी पोरं? त्यांनी भाजीवाल्याला दम देताना बघितलंही नसेल. त्यांना फक्त शेवट दाखवला, गौरवाचा.

वस्ताद: तरी माझं एक म्हणणं मी सोडणार नाही. त्या पोराला मी माफ करणार नाही. शाबासकी कुठूनही येवो, ती घ्यायची का नाही हे त्याच्या हातात होतं. पहिल्यालाही त्याच पुढाऱ्यानं विचारलं होतं. तो नाही म्हणाला.

बाई: मीही त्याला माफ करायला सांगत नाही. बँडुराही माणसाला परिस्थितीच्या हातातलं बाहुलं मानत नव्हते. माणूस स्वतःच्या वागण्याला स्वतः मोजमाप लावतो, स्वतःच्या नजरेतून उतरायचं नाही म्हणून मोह टाळतो, हे त्यांनी पुढे आयुष्यभर मांडलं. पण ते मोजमापही आधी कुणाकडे तरी बघूनच मिळतं. नाही म्हणणारा तो मुलगा, त्यानं नाही म्हणणारं कुणीतरी बघितलं असेल.

वस्ताद: त्याचा बाप रिक्षा चालवायचा. कुणाची विसरलेली पिशवी सापडली तर स्वतः घर शोधून परत द्यायचा. पोरगं गाडीत असायचं.

बाई: मग उत्तर मिळालं.

वस्ताद: आता त्या तुमच्या पोराचं काय करायचं? माझा जुना उपाय तुम्हाला चालणार नाही.

बाई: छडी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहेच, पण मी कायद्यासाठी म्हणत नाही. ताकदवान माणूस दुर्बळाला मारून आपलं ऐकवतो, हेच तर तो मोबाइलवर बघून आला. वर्गासमोर मी त्याला मारलं तर चाळीस मुलांना तोच धडा परत मिळेल, आणि या वेळी मारणारी मी असेन. शिक्षा हवी, पण ती वर्गाला वेगळं काही दाखवणारी हवी. त्यानं ज्याचा गळा धरला त्याच्या घरी आईवडिलांसोबत जाऊन माफी मागायची. गोल करून ओरडणाऱ्यांनाही बोलावलं आहे, कारण टाळ्या त्यांच्या होत्या. आणि त्या दिवशी एक मुलगी धावत जाऊन शिपाईमामांना घेऊन आली होती. सोमवारच्या परिपाठाला तिचं नाव सगळ्यांसमोर घेणार आहे. आजवर आम्ही मारणाऱ्याचंच नाव घेत आलो.

वस्ताद: त्या पोराला माझ्याकडं तसाच पाठवा. बंद करू नका. त्याच्या जोडीला माझा सगळ्यात थंड डोक्याचा पठ्ठा देतो. समोरचा खाली अडकला की लगेच हात ढिला करतो, उठवतो, अंगावरची माती झाडतो. एक महिना पोरगं फक्त त्याच्याबरोबर राहील. मी काही बोलणार नाही. कुठं बघायचं तेवढं मात्र सांगणार. डाव पडताना नको बघू, डाव पडल्यावर तो काय करतो ते बघ.

दोघांचं बोलणं इथं थांबलं. पूर्ण एकमत झालं नाही, आणि व्हायचं कारणही नाही. मूल जे बघतं ते शिकतं, हे बाईंचं म्हणणं खरं आहे. शिकलेलं सगळं ते करतंच असं नाही, हे वस्तादांचं म्हणणंही तितकंच खरं आहे. १९६५च्या त्या प्रयोगानं दोन्ही एकदम सिद्ध केलं. या दोहोंच्या मधली जागा आपली आहे. वाईट दृश्य मुलांच्या डोळ्यांआड करण्यासाठी आपण धडपडतो. तेही करावं, पण त्यात पूर्ण यश कधी येणार नाही. त्या दृश्याचा शेवट मात्र आपल्याच घरात, वर्गात आणि चौकात ठरतो. ओळ मोडून पुढे घुसणाऱ्याचं काम आधी होतं का, उलट उत्तर देणाऱ्या मोठ्या भावाला घाबरून घर त्याच्या मनासारखं वागतं का, दमदाटी करणाऱ्याच्या गळ्यात मंडळ हार घालतं का, हे मुलं टिपत असतात. बळ वापरणाऱ्यापेक्षा त्याला हार घालणारे हात मुलांना जास्त शिकवतात, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे. मुलांसमोर कुणाचा सत्कार करताय ते आधी पारखून घ्या. जो थांबला, ज्यानं सोडवलं, ज्यानं परत दिलं, त्याचं नाव मोठ्यानं घ्या. आणि पुढच्या उत्सवाची वर्गणी मागायला कुणी दारात आलं, तर यंदाच्या फलकावर कुणाचा फोटो लागणार आहे ते विचारा, आणि उत्तर ऐकूनच पैसे द्या.